मोठ्या आतड्यावरील खटला

आतड्याचा इतिहास हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे कोणी म्हणेल. परंतु याच आतड्यावर या शतकापूर्वीच्या शतकारंभी पॅरिस आणि लंडन येथे जवळजवळ खटला भरला गेला होता, आणि शिक्षेची अंमलबजावणीही झाली होती.

फिर्यादी होता प्राणिशास्त्रज्ञ एल्या मेच्निकॉव्ह. १८८२ साली सिसिलीतील मेसिना येथे त्याने तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचा काटा टोचून ठेवला. सकाळी पाहतो तो काट्याभोवती भटक्या पेशींचा गराडा! शरीराला स्वतःचे शिपाई असतात व ते परक्याला गिळतात, हा सिद्धान्त त्यातून निघाला. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्याला पॉल एर्लिशबरोबर विभागून मिळाले. आम्हां मुंबईकडील मंडळींवर त्याचे दुसऱ्या वाटेनेही ऋण आहे. १८९७ साली मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेणारा हाफकिन हा ओडेसातील त्याचाच विद्यार्थी.

उतारवयात मात्र त्याच्या मनाने वेगळेच घेतले. मोठ्या आतड्यातील जंतू अन्न कुजवतात आणि त्या विषाने माणूस अकाली म्हातारा होतो, असे तो सांगू लागला. उपाय म्हणून आंबवलेले दूध. इथवर आम्हां ताक पिणाऱ्यांची काही तक्रार नाही. लंडनचे शस्त्रवैद्य आर्बथनॉट लेन पुढे गेले. जुनाट बद्धकोष्ठासाठी त्यांनी रोग्यांची मोठी आतडी कापून काढली. काही रोगी त्यात दगावले. सिद्धान्त एकाचा, पोट दुसऱ्याचे!

नवल असे की, गिळणाऱ्या पेशी आणि आतड्यातील जंतू अशी दोन्ही टोके मेच्निकॉव्हच्या हाती होती. गाठ काही बसली नाही. शिपाई म्हटला की समोरचा शत्रूच, ही उपमाच त्याला नडली असावी, असे आम्हांस वाटते. १९१६ साली तो वारला.

गाठ दिसू लागली ती विसाव्या शतकाच्या मध्यावर. अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठासारख्या ठिकाणी प्राण्यांची पिले शस्त्रक्रियेने बाहेर काढून जंतुरहित बंद पेट्यांत वाढवली गेली. अशा प्राण्यांत, पेयरने १६७७ साली वर्णिलेले आतड्यातील पेशींचे पुंजके खुरटलेले आढळले. आतड्यात पाझरणारी प्रतिपिंडेही तुटपुंजी. जंतू आत सोडले की हे सारे भरून येई. म्हणजे शिपायांची तालीम जंतूंच्याच आखाड्यात होते तर!

२०११ साली जपानमधील केन्या होंडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, क्लॉस्ट्रिडियम गटाचे काही जंतू उंदराच्या मोठ्या आतड्यात असले म्हणजे शिपायांना आवर घालणाऱ्या पेशी तेथे वाढतात. २०१३ साली त्याची एक वाट सापडली. धान्याकडधान्यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो जंतू आंबवतात. त्यातून ब्युटिरिक आम्ल निघते (खवट लोण्याचा वास तो हाच), आणि हे आम्ल त्या आवरणाऱ्या पेशी घडवण्यास साहाय्य करते. शरीरही गाफील नसते. चिकट स्रावाचा पडदा धरून आणि प्रतिपिंडे सोडून ते जंतूंना आतड्याच्या भिंतीपासून हातभर दूर ठेवते.

यातले पुष्कळसे प्रयोग उंदरांवरचे आहेत. माणसाच्या आतड्याच्या जुनाट दाहावर त्यातून हमखास लागू पडणारे औषध अद्याप निघालेले नाही.