एकोणीस इंची रॅक : मापाचा इतिहास आणि माणसाची सुरक्षितता

संगणक-केंद्रात सर्व्हर ज्या उभ्या पोलादी सांगाड्यात बसविलेले असतात, त्यास व्यवहारात 'रॅक' असे म्हणतात. हा शब्द मराठीत फळ्यांच्या मांडणीसाठीही रुळलेला असल्याने, सर्व्हरचा रॅक म्हणजे वस्तू ठेवावयाचे एक फडताळच होय, अशी समजूत सहज होते. वस्तुतः मांडणीवर भांडे ठेवले जाते. रॅकमध्ये यंत्र स्क्रूंनी जडविले जाते, आणि दुरुस्तीच्या वेळी ते भाराने व विजेच्या जोडणीसह बाहेर ओढले जाते. रॅकचे माप कोणत्या हेतूने ठरले, आणि त्या मापात न सामावलेल्या माणसाच्या सुरक्षिततेचे नियम कोणत्या कारणांनी निर्माण झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

रॅकची उत्पत्ती संगणकासाठी झालेली नाही. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या दूरध्वनी-तारांवर क्षीण होणारा आवाज सबळ करण्यासाठी १९१४ च्या सुमारास निर्वात नळ्यांचे वर्धक योजण्यात आले. १९१५ च्या जानेवारीत न्यूयॉर्क व सॅन फ्रॅन्सिस्को ही शहरे दूरध्वनीने जोडली गेली ती त्यांच्याच साहाय्याने. आरंभी हे वर्धक फळ्यांवर, लाकडी पेट्यांत, जसे जमेल तसे बसवीत. तारांचे जाळे वाढले तशी जागा अपुरी पडू लागली. म्हणून १९२२ च्या सुमारास ए.टी. अँड टी. कंपनीने दर्शनी पट्टीची रुंदी १९ इंच व उंचीचे एकक पावणेदोन इंच असे निश्चित केले. जागेची बचत आणि सुट्या भागांची अदलाबदल हे यामागील हेतू होते. दोन खांबांना पुढून जडविलेल्या या पट्ट्या उथळ होत्या व जागच्या हलत नसत. काम करणारा माणूस सांगाड्याच्या पुढे वा मागे उभा राही.

आरंभीच्या संगणकांतही हेच नाते टिकून होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेला व १९६२ मध्ये 'टिफ्रॅक' असे नामकरण झालेला संगणक याचे जवळचे उदाहरण होय. सुमारे २७०० निर्वात नळ्यांचे हे यंत्र १८ फूट लांब, अडीच फूट रुंद व ८ फूट उंच अशा पोलादी सांगाड्यात होते, आणि त्यास दोन्ही बाजूंनी दारे होती. यंत्र स्थिर राही. तंत्रज्ञ त्याच्याकडे जाई.

लघुसंगणकांच्या काळात हा क्रम उलटला. १९७० साली आलेल्या 'पीडीपी-११' सारखी यंत्रे सरकत्या रेलवर बसवून खणाप्रमाणे पुढे ओढता येऊ लागली. पुढे सर्व्हर अधिक खोल व जड झाले, आणि रॅकला दोहोंऐवजी चार खांब आले. परंतु १९ इंचांची रुंदी तशीच राहिली. येथेच कलंडण्याचा धोका उद्भवला. उदाहरणादाखल, १०० किलोच्या रिकाम्या रॅकचा गुरुत्वमध्य पुढच्या कडेपासून ५० सेंटिमीटर मागे आहे असे मानू. त्यातील ३० किलोचे चार सर्व्हर एकाच वेळी ओढले, व प्रत्येकाचा मध्य कडेपुढे ४५ सेंटिमीटर आला, तर पुढील आघूर्ण ५४०० व मागील ५००० होते, आणि रॅक माणसाच्या अंगावर येतो. रॅक प्रथम जमिनीस वा शेजारच्या रॅकला जखडावा, पुढचे आधारपाय बाहेर काढावेत, भरणी तळापासून करावी, आणि एका वेळी एकच सर्व्हर ओढावा, हे नियम या साध्या गणितातून आले आहेत.

दुसरा प्रश्न उचलण्याचा. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षितता व आरोग्य राष्ट्रीय संस्थेने १९८१ च्या आपल्या सूत्रात सर्वांत अनुकूल स्थितीत उचलावयाच्या वजनाची मर्यादा ४० किलो धरली होती. १९९१ च्या सुधारित सूत्रात ती २३ किलोवर आली. तबकड्यांनी भरलेला सर्व्हर ही मर्यादा सहज ओलांडतो. म्हणून तबकड्या व वीजपुरवठ्याचे संच आधी काढून घेणे, दोघांनी मिळून उचलणे, आणि खांद्यावरील उंचीसाठी उचलयंत्र वापरणे आवश्यक ठरते.

विजेच्या बाबतीत १९८९ साली अमेरिकेत दुरुस्तीपूर्वी पुरवठा तोडून खटक्यास कुलूप व चिठ्ठी लावण्याचा नियम झाला. सर्व्हरला मात्र सामान्यतः दोन स्वतंत्र वीजजोडण्या असतात. सेवा खंडित होऊ नये म्हणून केलेली ही सोय दुरुस्तीच्या वेळी घातक ठरते, कारण एक तार काढली तरी यंत्र जिवंतच राहते. शिवाय प्रत्येक वीजपुरवठ्यातून किंचित प्रवाह अर्थिंगकडे झिरपतो, आणि रॅकमध्ये असे अनेक प्रवाह एकत्र येतात. यास्तव अर्थिंग सर्वांत आधी जोडावयाचे व सर्वांत शेवटी सोडावयाचे असते. स्थिर विद्युत् निचरा करणारी मनगटपट्टी यंत्राच्या रक्षणासाठी असते. तीत दहा लाख ओहमचा रोध घातलेला असतो तो माणसासाठी. तरीही उघड्या जिवंत भागांवर काम करताना ती घालणे निषिद्ध होय.

आगीचा धडा अधिक महाग पडला. १९५९ साली पेंटॅगॉनमधील हवाई दलाच्या संगणक-विभागास आग लागली. १९६० च्या जानेवारीत अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने संगणकांच्या संरक्षणासाठी समिती नेमली. १९७५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमधील एका दूरध्वनी-केंद्रात आग लागून सुमारे १,७०,००० दूरध्वनी बंद पडले, आणि तारांवरील प्लॅस्टिकचा विषारी धूर अग्निशामक जवानांना भोगावा लागला. तारांची आवरणे ज्वालारोधक असावीत व भिंतींतून तारा नेण्याची छिद्रे बुजवावीत, या आग्रहामागे असे अनुभव आहेत.

सारांश, १९२२ चे माप हा यंत्रायंत्रांमधील करार होता. माणूस त्यात पक्षकार नव्हता. त्याची बाजू पुढे क्रमाक्रमाने, बहुधा हानी झाल्यानंतर, जोडली गेली. मापाचा भंग झाल्यास पट्टी बसतच नाही, त्यामुळे चूक तत्काळ कळते. सुरक्षिततेचा नियम मोडला तरी रॅक उभाच असतो, आणि चूक अपघात होईपर्यंत अदृश्य राहते. म्हणूनच हे नियम केवळ कृतींची यादी म्हणून न शिकविता त्यांच्या कारणांसह शिकविणे अगत्याचे आहे. नवी मुंबईसारख्या ठिकाणी हे काम करणाऱ्या तंत्रज्ञांस ती कारणे त्यांच्या बोलीत कळली, तर पुढील नियमासाठी नव्या अपघाताची वाट पाहावी लागणार नाही.