घोरपडीचे भक्ष्य अखंड का असावे?

सिंधुदुर्ग जिल्ह्यात सड्यावरील जांभ्याच्या कपारी, शेताचे गडगे, माडाच्या बागा आणि खाडीकाठची झुडपे ही घोरपडीची हक्काची घरे. विहिरीत पडलेले वा कुत्र्यांनी जखमी केलेले एखादे पिल्लू हाती लागले, की त्याला खायला काय घालावे, हा प्रश्न उभा राहतो. बहुतेक वेळा कोंबडीच्या मांसाचे तुकडे पुढे केले जातात. नेमका हाच आहार त्या जिवाला घातक ठरू शकतो.

आधी कायदा

घोरपड हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी आहे. ती पकडणे, पाळणे, मारणे किंवा तिचे मांस व अवयव विकणे हा गुन्हा आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार त्यासाठी तीन ते सात वर्षांचा कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. त्यामुळे तिच्या आहाराचे ज्ञान हौशी पाळणाऱ्यांपेक्षा बचाव केंद्रे, प्राणिसंग्रहालये व पशुवैद्यक यांच्या उपयोगाचे आहे.

निसर्गातील ताट

घोरपड भक्ष्य चावून खात नाही, शक्यतो अख्खेच गिळते. दुभंगलेल्या जिभेने गंध टिपत ती पालापाचोळा व उकिरडे उकरते. भुंगे, त्यांच्या अळ्या, नाकतोडे, गोगलगायी, खेकडे, बेडूक, सरडे, उंदीर, पक्ष्यांची अंडी व मेलेली जनावरे असा तिचा आहार असतो. पिल्ले प्रामुख्याने कीटकांवर जगतात. प्रौढ घोरपडीच्या पोटातही कीटकांचा वाटा मोठा असतो. माडाचा शत्रू असलेल्या गेंड्या भुंग्याच्या अळ्या शेणखतात वाढतात. त्यामुळे असे खत उकरणारी घोरपड बागायतदाराची मित्रच म्हणावी लागेल.

हाडांचे गणित

अखंड उंदरात हाडांमधून कॅल्शियम, यकृतातून अ जीवनसत्त्व आणि स्नायूंतून प्रथिने मिळतात. त्यात कॅल्शियमचे प्रमाण फॉस्फरसपेक्षा अधिक असते. याउलट हाडाविना मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट भरतो. केवळ असे मांस मिळत राहिल्यास शरीर स्वतःच्या हाडांतील कॅल्शियम ओढून घेते. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, कणा मोडतो. वाढत्या पिल्लांना हा धोका सर्वाधिक असतो.

निवड करताना

- पिल्लांना नाकतोडे, झुरळे व रातकिडे द्यावेत. कीटकांतही कॅल्शियम कमी असल्याने त्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरावी.
- प्रौढांना कीटकांबरोबर अखंड उंदीर, खेकडे व अधूनमधून अंडी द्यावीत. नुसत्या उंदरांवर ठेवल्यास चरबी वाढते.
- भक्ष्य सहज गिळता येईल एवढेच असावे. जिवंत उंदीर चावून जखम करतो, म्हणून तो मेलेला द्यावा.
- फक्त मासळीवर ठेवू नये. काही कच्च्या माशांतील घटक ब-१ जीवनसत्त्व नष्ट करतात.
- शेतातील वा घरातील उंदीर टाळावेत. उंदीरनाशक खाल्लेला उंदीर घोरपडीलाही विषबाधा करू शकतो.
- अन्नाइतकीच उष्णता महत्त्वाची. शीत रक्ताच्या या प्राण्याला ऊन न मिळाल्यास गिळलेले भक्ष्य पोटातच कुजते. पिण्यास पाणी हवेच.

सापडल्यास काय करावे?

जखमी घोरपड दिसल्यास तिला काहीही खाऊ घालू नये. हवा खेळती राहील अशा खोक्यात, अंधाऱ्या व शांत जागी ठेवून वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. धडधाकट घोरपड घराच्या आवारात दिसली, तर कुत्र्यांना आवरून तिला वाट मोकळी करून द्यावी. आपले भक्ष्य निवडण्याचे काम ती कोणाच्याही मदतीविना करते.