टेरियरच्या पिल्लाची केशनिगा

टेरियर हा श्वानांमधील एक स्वतंत्र व मोठा वर्ग आहे. ‘भूमी’ या अर्थाच्या ‘टेरा’ या लॅटिन शब्दात या नावाचे मूळ आहे. ब्रिटन आणि आयर्लंडच्या ग्रामीण भागात कोल्हा, बॅजर, उंदीर यांच्या बिळांत शिरून त्यांना बाहेर हुसकावणे, हे या कुत्र्यांचे पिढीजात काम. इंग्लंडमधील डेव्हन परगण्याचे पाद्री जॉन रसेल (१७९५-१८८३) यांच्या नावाने आज जॅक रसेल टेरियर ओळखला जातो. १८१९ मध्ये ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांनी विकत घेतलेली ‘ट्रम्प’ ही कुत्री त्यांच्या शिकारी टेरियरांची मूळ माता मानली जाते. काटेरी झुडपे, ओली माती आणि बोचरा पाऊस यांत वावरणाऱ्या या प्राण्यांच्या अंगावरील केस ही शोभेची वस्तू नव्हती. ते त्यांचे चिलखत होते.

मुंबई-पुण्याच्या सदनिकेत वाढणाऱ्या टेरियरला बीळ उकरावे लागत नाही, पण त्याच्या केसांची रचना तीच राहिली आहे. ती समजून न घेता पिल्लाला पार्लरमध्ये नेऊन यंत्राने भादरून आणले, तर मूळचे राठ केस पुन्हा तसेच येतील याची खात्री नसते. शिवाय केसांखाली दडलेली गोचीड वेळीच दिसली नाही, तर प्रश्न रूपाचा न राहता प्राणाचा होतो.

केसांचे प्रकार

टेरियरच्या सर्व जातींचे केस सारखे नसतात. स्मूथ फॉक्स टेरियरचे केस आखूड व अंगालगत बसलेले असतात. यॉर्कशायर टेरियरचे केस लांब, रेशमी आणि माणसाच्या केसांशी साम्य असणारे असतात. वायर फॉक्स, एअरडेल, बॉर्डर, स्कॉटिश व वेस्ट हायलँड व्हाइट या जातींचे केस दुपदरी असतात. वर तारेसारखा राठ थर आणि आत मऊ, दाट लव. ‘टिनटिन’च्या चित्रकथांतील स्नोई हा वायर फॉक्स टेरियरच. जॅक रसेलमध्ये गुळगुळीत, राठ आणि या दोहोंच्या मधले, असे तिन्ही प्रकार आढळतात. आपले पिल्लू यांपैकी कोणत्या प्रकारात मोडते, हे प्रथम पाहावे.

आखूड केसांना आठवड्यातून एकदा रबरी ब्रश पुरतो. रेशमी केस मात्र रोज विंचरावे लागतात. अन्यथा काखेत, कानांमागे आणि मांड्यांच्या आत गुंता होऊन त्वचा ओढली जाते. गुंता बोटांनी सोडवून मग टोकाकडून मुळाकडे विंचरत जावे. राठ केसांसाठी आठवड्यातून दोन-तीनदा ब्रश व धातूचा कंगवा वापरावा. दाढी आणि पायांवरचे केस विसरू नयेत; अन्नाचे कण व चिखल तेथेच साठतात.

उपटावेत की कापावेत?

राठ केसांच्या टेरियरबाबत हा प्रश्न महत्त्वाचा आहे. या जातींचे केस इतर अनेक कुत्र्यांच्या मानाने कमी गळतात. वाढ पूर्ण झालेला केस मुळाशी सैल होतो, पण अंगावरच अडकून राहतो. पिकलेले पान देठापासून अलगद सुटावे तसा असा केस चिमटीत धरून वाढीच्या दिशेने ओढल्यास सहज निघतो आणि त्याच्या जागी नवा राठ केस उगवतो. या पद्धतीला ‘हँड स्ट्रिपिंग’ म्हणतात. यंत्राने किंवा कात्रीने कापल्यास जुना केस मुळाशी तसाच राहतो व आतली लव वर येते. काही महिन्यांत केस मऊ आणि फिकट होतात, लवकर भिजतात व गुंततात.

पिल्लाच्या अंगावरची बाळलव साधारण ४ ते ६ महिन्यांच्या वयात सैल होऊ लागते. त्या सुमारास थोडे थोडे केस काढण्यास आरंभ करावा. एका वेळी १० मिनिटे पुरेत. केस कोरडे असावेत आणि हे काम आंघोळीपूर्वी करावे. ओला केस चिमटीतून निसटतो. बोटांवर किंचित खडूची पूड घेतल्यास पकड चांगली बसते. दुसऱ्या हाताने त्वचा ताणून धरावी व एका वेळी मोजकेच केस ओढावेत. केस सहज येत नसेल, पिल्लू कळवळत असेल किंवा त्वचा लाल दिसत असेल, तर थांबावे. पोट, जांघा व गुदद्वाराजवळच्या नाजूक भागांवर बोथट टोकाची कात्रीच वापरावी. पुढे वर्षातून सुमारे दोनदा पूर्ण स्ट्रिपिंग करावे किंवा दर आठवड्याला थोडे केस काढत राहावे.

केस कापणे म्हणजे अपराध नव्हे. वृद्ध किंवा त्वचाविकाराने त्रस्त कुत्र्यासाठी यंत्र हाच दयाळू उपाय ठरतो. मात्र तरुण, निरोगी टेरियरबाबत हा निर्णय मालकाने विचारपूर्वक घ्यावा. पार्लरवर सोपवू नये. स्ट्रिपिंगला वेळ लागतो, त्यामुळे ते येथे केले जाते का, हे आधीच विचारून घ्यावे. उन्हाळ्यात कुत्र्याला अगदी त्वचेपर्यंत भादरणे टाळावे. श्वान मुख्यतः धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर टाकतो. अंगावरचे केस उन्हापासून त्याचे रक्षण करतात. पांढऱ्या टेरियरची उघडी त्वचा उन्हाने भाजू शकते.

सवय लावण्याचे वय

जन्मानंतर साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू नव्या अनुभवांना सहज स्वीकारते. टेरियर स्वभावाने हट्टी व चपळ असतो. या काळात बसलेली भीती पुढे दात दाखवण्यापर्यंत जाते. म्हणून पिल्लू घरी आल्यापासून रोज त्याचे पंजे हातात घ्यावेत, ओठ उचलून दात पाहावेत, कानांना स्पर्श करावा. न घसरणाऱ्या चटईवर उभे करून दोन मिनिटे ब्रश फिरवावा आणि लगेच खाऊ द्यावा. धडपड सुरू होण्यापूर्वीच थांबणे, हे यातील मर्म होय.

आंघोळ व पावसाळा

निरोगी टेरियरला साधारणतः ४ ते ६ आठवड्यांतून एक आंघोळ पुरते. वारंवार धुतल्याने त्वचेतील नैसर्गिक तेल निघून जाते व राठ केस मऊ पडतात. श्वानाची त्वचा माणसाच्या त्वचेहून पातळ व कमी आम्लधर्मी असते, म्हणून आपला साबण किंवा शॅम्पू वापरू नये. पाणी कोमट असावे आणि शॅम्पूचा अंश राहू देऊ नये. पावसाळ्यात फिरून आल्यावर पोट, पंजे व बोटांमधील जागा टॉवेलने टिपून पूर्ण कोरड्या कराव्यात. दमट लवेखाली बुरशी व जीवाणू वाढतात. वेस्ट हायलँड व्हाइट टेरियरमध्ये तर अ‍ॅलर्जीजन्य त्वचाविकारांचे प्रमाण अधिक आढळते. त्याची सततची खाज ‘हवामानामुळे’ म्हणून सोडून देऊ नये.

गोचिडांपासून सावध

आपल्या हवामानात गोचिडांचा उपद्रव जवळजवळ वर्षभर असतो. त्यांच्यामार्फत एर्लिकिया आणि बबेसिया यांसारखे रक्ताचे प्राणघातक आजार पसरतात. ताप, मलूलपणा, फिकट हिरड्या, नाकातून रक्त किंवा गडद रंगाची लघवी दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. ब्रश करताना कान, मान, पट्ट्याखालची जागा आणि बोटांच्या बेचक्यांत बोटे फिरवून चाचपावे. सापडलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी. तिच्यावर रॉकेल ओतू नये किंवा ती बोटांनी चिरडू नये. मादी भिंतींच्या भेगांत हजारो अंडी घालते, त्यामुळे कुत्र्याबरोबरच घराचीही स्वच्छता आवश्यक असते. प्रतिबंधक औषध पिल्लाचे वय व वजन पाहून पशुवैद्यांच्या सल्ल्यानेच द्यावे. कुत्र्यांच्या काही औषधांतील परमेथ्रिन मांजरांना विषारी ठरते, हे घरात मांजर असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

कान, नखे, दात

कानाला दुर्गंधी येत असेल किंवा पिल्लू सतत डोके झटकत असेल, तर घरगुती उपाय करू नयेत. कानात काडी घालणे तर धोक्याचेच. फरशीवर नखांचा टकटक आवाज येऊ लागला की ती वाढली असे समजावे. काळ्या नखांतील रक्तवाहिनी दिसत नाही, म्हणून टोक जरा जरा करून कापावे. रक्त आल्यास तुरटीची बारीक पूड दाबून धरावी. साधारण ६-७ महिन्यांपर्यंत २८ दुधाचे दात पडून ४२ कायमचे दात येतात. यॉर्कशायरसारख्या लहान जातींत दुधाचा दात न पडताच शेजारी नवा येतो. अशा वेळी पशुवैद्यांना दाखवावे. दात घासण्यासाठी श्वानांसाठीचीच पेस्ट वापरावी. माणसाच्या काही पेस्टमध्ये असणारे झायलिटॉल कुत्र्यांना घातक असते.

केस राखणे हे वरवर पाहता रूपाचे काम. परंतु आठवड्यातून दोनदा पिल्लाच्या सर्वांगावरून फिरणारा मालकाचा हातच गाठ, जखम, खरूज किंवा गोचीड सर्वप्रथम ओळखतो. पार्लरमधील कारागीर महिन्यातून एकदा भेटतो. हा हात मात्र रोज घरातच असतो.