वळिवडे येथील पोलिश निर्वासित छावणी (1943–1948) : आश्रय आणि नागरिकत्व

कोल्हापूरजवळील वळिवडे येथे 1943 ते 1948 या काळात पोलिश निर्वासितांची छावणी होती. तिच्याविषयी जे लेखन झाले आहे ते बहुधा भारतीय आतिथ्याचा दाखला म्हणून झाले आहे. हा दाखला खोटा नाही. मात्र तेवढ्यावर थांबल्यास आश्रयाचा खर्च कोण सोसतो आणि त्याची मुदत कोण ठरवतो, हे निर्वासित-धोरणाचे मूळ प्रश्न बाजूला राहतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नांच्या अनुषंगाने छावणीचा विचार केला आहे.

17 सप्टेंबर 1939 रोजी सोव्हिएत फौजा पूर्व पोलंडमध्ये शिरल्या. 1940 व 1941 मध्ये तेथील कुटुंबांना चार मोठ्या टप्प्यांत सैबेरिया, कझाकस्तान आदी प्रदेशांत हद्दपार करण्यात आले. त्यांची संख्या पूर्वी दहा लाखांच्या घरात सांगितली जात असे; सोव्हिएत दप्तरे खुली झाल्यावर सुमारे 3 लाख 20 हजार हा आकडा पुढे आला. जून 1941 मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण करताच कालचे बंदी मित्रराष्ट्राचे नागरिक ठरले. त्याच वर्षीच्या जुलैमधील सिकोर्स्की-मायस्की करारामुळे त्यांची सुटका झाली. जनरल अँडर्स यांच्या सैन्याबरोबर 1942 मध्ये सुमारे 1 लाख 15 हजार माणसे इराणात पोहोचली. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश नागरिक होते.

या नागरिकांची पूर्व आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड आणि भारत येथे पांगापांग झाली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी 1942 मध्ये बालाचडी येथे मुलांसाठी छावणी उघडली. पुढील वर्षी कोल्हापूर संस्थानात वळिवड्याची छावणी उभी राहिली. येथे सुमारे 5,000 माणसे राहिली. त्यांत स्त्रिया व मुले बहुसंख्य होती, कारण अनेक कुटुंबांतील पुरुष आघाडीवर होते. बराकींच्या रांगा, शाळा, चर्च, रुग्णालय, नाट्यगृह अशी ती एक छोटी पोलिश नगरीच होती. शिक्षण पोलिश भाषेत चाले. युद्ध संपताच मुले मायदेशी जाणार, हे साऱ्यांनीच गृहीत धरले होते.

ब्रिटिश हिंदुस्थान सरकारची संमतीही याच गृहीतकावर उभी होती. खर्चाचा भार लंडनमधील परागंदा पोलिश सरकारवर होता आणि वास्तव्य तात्पुरते मानले गेले होते. फेब्रुवारी 1945 मध्ये याल्टा परिषदेत हे गणित कोलमडले. पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडे राहिला; म्हणजे छावणीतील बहुतेकांची गावे पोलंडमध्ये उरलीच नाहीत. जुलै 1945 मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या सरकारच्या हमीवर ही माणसे येथे आली, तेच आता कोणाच्या लेखी सरकार नव्हते, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. ब्रिटनने 1947 मध्ये पोलिश पुनर्वसन कायदा केल्यावर सैनिकांच्या कुटुंबीयांना तेथील दार उघडले. इतरांपैकी काही पोलंडला परतले, तर काही पूर्व आफ्रिकेतील छावण्यांत गेले. 1948 मध्ये वळिवड्याची छावणी बंद झाली.

त्या रिकाम्या बराकी फार काळ ओस पडल्या नाहीत. फाळणीमुळे सिंधमधून आलेली कुटुंबे तेथे वसली. कापडाच्या घाऊक बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले गांधीनगर हीच ती वसाहत. जागा एकच, पण कायदेशीर स्थान सर्वस्वी भिन्न. संविधानाचा सहावा अनुच्छेद 26 नोव्हेंबर 1949 पासून अमलात आला आणि पाकिस्तानातून स्थलांतरित झालेल्यांचा नागरिकत्वाचा मार्ग त्याने निश्चित केला. सिंधी निर्वासिताला दुकान थाटता आले, मतदान करता आले; त्याच बराकीतील पोलिश स्त्रीने पाच वर्षे निघण्याच्या तारखेची वाट पाहिली होती. दोघांचीही गावे सीमारेषा बदलल्यामुळेच गेली होती, हे येथे विसरता येत नाही.

विदेशी व्यक्ती अधिनियम 1946 हा वळिवड्याची छावणी चालू असतानाच संमत झाला होता. त्यात निर्वासित आणि अन्य परकीय असा भेद नव्हता. भारताने 1951 च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर स्वाक्षरी केलेली नाही. 1946 च्या अधिनियमाची जागा 2025 मध्ये नव्या कायद्याने घेतली. त्यातही निर्वासित हा स्वतंत्र वर्ग नाही. तिबेटी आणि श्रीलंकेतील तमिळ आश्रितांना मिळालेल्या सवलती त्याच वर्षीच्या एका शासकीय आदेशावर अवलंबून आहेत.