मऊ खेळणी, त्यांची खूण आणि त्यांचा बाजार

कापडी खोळीत कापूस, भुसा किंवा कृत्रिम तंतू भरून केलेल्या खेळण्याला बाजारात ‘सॉफ्ट टॉय’ म्हणतात. त्यांपैकी लव असलेल्या कापडाची, म्हणजे ‘प्लश’ची, खेळणी विसाव्या शतकात जगभरच्या संग्राहकांच्या आवडीची ठरली. महाराष्ट्राला कापडी बाहुली नवी नव्हती. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांपासून ती घरोघरी होत असे. परंतु ती विक्रीची वस्तू नसल्यामुळे तिला घडवणाऱ्या स्त्रीचे नाव किंवा तिचा काळ सहसा कोणी नोंदवून ठेवला नाही. छत्रपती संभाजीनगरमधील औरंगपुरा, गुलमंडी यांसारख्या जुन्या पेठांत आज विकले जाणारे लवदार अस्वल मात्र ज्या परंपरेतून आले, तिचा वर्षवार इतिहास उपलब्ध आहे.

जर्मनीतील गिएंगेन या गावी मार्गारेटे स्टाइफ या शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने, बालपणीच्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीला खिळलेली असतानाही, १८८० मध्ये टाचण्या खोचण्यासाठी लोकरी हत्ती केला आणि मुलांनी त्याचे खेळणे केल्याने तिच्या व्यवसायाला नवी दिशा मिळाली. तिचा पुतण्या रिचर्ड याने अंगोरा शेळीच्या लोकरीच्या, म्हणजे मोहेरच्या, प्लशचे हातपाय हलणारे अस्वल १९०२ मध्ये तयार केले. त्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर ऊर्फ ‘टेडी’ रूझवेल्ट यांनी बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडण्यास नकार दिल्याचे व्यंगचित्र प्रसिद्ध झाले आणि ब्रुकलिनमधील मिचटॉम दांपत्याने केलेल्या अस्वलाला ‘टेडी’ हे नाव मिळाले. नकला वाढू लागल्यावर स्टाइफने १९०४ मध्ये खेळण्याच्या कानात धातूचे बटण बसवण्यास सुरुवात केली. या बटणामुळे खेळण्याचे मूळ ओळखता येऊ लागले. १९९४ मध्ये लंडनच्या क्रिस्टीज लिलावात ‘टेडी गर्ल’ या जुन्या स्टाइफ अस्वलाला १ लाख १० हजार पौंड मिळाले.

विक्रीच्या व्यवस्थेचा इतिहास याहून जुना आहे. कॉर्नवॉलहून आलेल्या विल्यम हॅम्ले याने १७६० मध्ये लंडनच्या हाय हॉलबर्न भागात ‘नोहाज आर्क’ नावाचे खेळण्यांचे दुकान काढले आणि १८८१ मध्ये त्या घराण्याने रीजंट स्ट्रीटवर शाखा उघडली. खेळणी मुलांच्या हाती देऊन, ती चालवून दाखवून विकण्याच्या पद्धतीमुळे ‘हॅम्लेज’चे नाव झाले. या साखळीचे भारतातील पहिले दुकान २०१० मध्ये मुंबईत रिलायन्सच्या सहकार्याने सुरू झाले आणि २०१९ मध्ये रिलायन्सने चिनी मालकाकडून सुमारे ६ कोटी ८० लाख पौंडांना ती संपूर्ण विकत घेतली. अशा रीतीने लंडनमधील अडीचशे वर्षांहून जुन्या दुकानाची मालकी मुंबईकडे आली.

खेळणे संग्राह्य ठरण्यास त्याच्या मुळाची नोंद जितकी कारण ठरते, तितकीच त्याची दुर्मिळताही ठरते; मात्र ठरवून निर्माण केलेली दुर्मिळता टिकत नाही. अमेरिकेतील टाय कंपनीने १९९३ मध्ये आणलेल्या ‘बीनी बेबीज’चे नमुने अधूनमधून बंद करून त्यांचे भाव चढते ठेवले, पण त्या दशकाच्या अखेरीस ते कोसळले.

मुळाच्या नोंदीच्या दृष्टीने महाराष्ट्रातील खेळण्यांकडे पाहिले तर, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडीच्या चितार आळीत पांगाऱ्याच्या हलक्या लाकडापासून फळे आणि खेळणी घडवली जातात. ती गावाच्या नावाने ओळखली जातात. कारागीर सहसा अनामच राहतो. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांवर सुरक्षिततेची आयएसआय खूण सक्तीची झाली, परंतु नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट असल्यामुळे त्यांच्या वस्तूंवर ती असणे बंधनकारक नाही. म्हणूनच कारागिरांनी आपल्या खेळण्यावर नाव, गाव आणि वर्ष घालावे, आणि ज्यांच्या घरी आजीने केलेली चिंध्यांची बाहुली अजून शिल्लक आहे, त्यांनी ती कोणी व केव्हा केली हे लिहून तिच्यासोबत जपून ठेवावे.