टेबल सॉ: आधी पट्टी बघा, मग मोटर

छोटा टेबल सॉ घ्यायचा म्हटलं की आपण आधी मोटर किती वॅटची ते बघतो. मीही तेच करत होतो. मग जरा इतिहास चाळला. साउदॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलरच्या १७७७च्या पेटंटमध्ये गोल करवतीचा उल्लेख आहे. म्हणजे फिरणारं पातं जुनंच. पण लाकूड सरळ सरकवायचं कसं? १९०६ साली विल्हेल्म आल्टेनडॉर्फ या जर्मन सुताराने त्यासाठी टेबलच सरकतं केलं! छोट्या यंत्रात लाकडाला सरळ ठेवायचं काम बाजूची पट्टी, म्हणजे फेन्स करते. ती पात्याला समांतर नसेल तर मागचे दात लाकूड पकडून थेट आपल्या अंगावर फेकतात. म्हणून दुकानात फेन्स हलवून घट्ट करा, पात्याच्या पुढचं-मागचं अंतर मोजा. वॅट नंतर.