किवळ्याची पिले आणि लशीचे बियाणे

जानेवारी २०२५. नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात, किवळा या गावी कोंबडीची पिले दगावली. तपासणीत ‘एच५एन१’, अर्थात बर्ड फ्लूचा विषाणू निघाला आणि भोवतालचा १० किलोमीटरचा परिसर सतर्कता क्षेत्र म्हणून जाहीर झाला. त्याच महिन्यात शेजारच्या लातूर जिल्ह्यात, उदगीरला मेलेल्या कावळ्यांतही हाच विषाणू आढळला.

मेलेल्या कोंबडीचा नमुना कुठवर जाऊ शकतो, हे महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासात पाहावे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापुरात भारतातील कुक्कुटपालनातली एच५एन१ची पहिली साथ नोंदली गेली. त्या वर्षी भारतातल्या एका कोंबडीतून मिळालेला विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या क्रमांकाने जगभर ओळखला जाऊ लागला: ‘ए/चिकन/इंडिया/एनआयव्ही३३४८७/२००६’. प्राणी, देश, क्रमांक, वर्ष. नाव कसले, जन्मदाखलाच तो! जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत हा विषाणू माणसांसाठीच्या संभाव्य लशीचे बियाणे म्हणून दाखल झाला.

मूळ विषाणू मात्र जसाच्या तसा वापरता येत नाही. लस ज्या कोंबडीच्या अंड्यांत वाढवायची, त्यांतील गर्भच तो मारून टाकतो. म्हणून त्याच्या हिमॅग्लुटिनिन या पृष्ठप्रथिनाच्या जनुकातला घातक तुकडा काढतात आणि पृष्ठभागाची दोन्ही जनुके १९३४ सालच्या, प्रयोगशाळेत रुळलेल्या पोर्तो रिकोच्या विषाणूवर चढवतात. आंब्याचे कलम बांधावे तसेच हे.

पण बियाणे जुने होते. इन्फ्लुएन्झाचा विषाणू आपल्या आरएनएची नक्कल करताना चुका करतो आणि त्या तपासून दुरुस्त करण्याची सोय त्याच्याकडे नाही. पृष्ठप्रथिन हळूहळू बदलते. जुन्या रूपावर शिकलेली प्रतिपिंडे नवे रूप नीट ओळखत नाहीत. २००६ चा विषाणू २.२ या शाखेचा होता. पुढे भारतात २.३.२.१ ही निराळी शाखा पसरली, तेव्हा बांगलादेशातील एका बदकाचा २०१३ सालचा विषाणू नव्या बियाण्यासाठी निवडावा लागला.

माणसांतल्या हंगामी फ्लूचेही तेच. २००९ पासून लशीत असलेल्या ‘कॅलिफोर्निया’ विषाणूची जागा २०१७ च्या दक्षिण गोलार्धाच्या लशीत ‘मिशिगन/४५/२०१५’ने घेतली. दरवर्षी फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिणेसाठी निवड होते, कारण लस तयार व्हायला सुमारे सहा महिने लागतात. तेवढ्या काळात विषाणू कुठे वळेल, याचा अंदाजच बांधावा लागतो. महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात वाढतो. त्यामुळे नकाशावर उत्तरेत असूनही इथल्या साथीच्या वेळापत्रकाला सप्टेंबरची, दक्षिणेची यादीच अधिक जुळते.

त्याच बैठकांच्या सुमारास पक्ष्यांकडून आलेल्या विषाणूंची यादीही उघडली जाते आणि नवे नमुने जुन्या बियाण्यांशी ताडून पाहिले जातात.